जामीन कोण राहील?

शोधपत्रकारितेला मदत करणाऱ्या ना-नफा संस्था असाव्यात का, हा वाद आपल्याकडे अधूनमधून पेटतो आणि दर वेळी त्याच दोन वाक्यांपाशी येऊन विझतो. जानेवारी २०२५ मध्ये ‘द रिपोर्टर्स कलेक्टिव्ह’ या शोधपत्रकारांच्या गटाने जाहीर केलं, की प्राप्तिकर खात्याने त्यांचा ना-नफा दर्जा काढून घेतला आहे आणि कारण दिलंय ते असं, की पत्रकारितेतून कोणताही सार्वजनिक हेतू साधत नाही. लगेच एक बाजू म्हणाली, लोकशाहीचा गळा घोटला. दुसरी म्हणाली, परक्यांच्या पैशावर पोसलेल्यांचं हे कधीतरी व्हायचंच होतं. इंदूरच्या मराठी मंडळींतही हा वाद याच दोन खुंट्यांना टांगलेला दिसतो. पैसा कुणाचा, यावर दोन्ही बाजू हातघाईवर येतात. त्या पैशातून नेमकं काय विकत घेतलं जातं, हे कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं असं, की अशा संस्था हव्यात आणि त्यांना करसवलतही हवी. पण त्यांची परीक्षा देणगीदारांच्या यादीवरून होऊ नये आणि भिंतीवरच्या पुरस्कारांवरूनही होऊ नये. तालुक्याच्या एखाद्या वार्ताहराने ठेकेदाराची, खाणमालकाची किंवा आमदाराच्या मेहुण्याची बातमी छापली, की पुढच्या महिन्यात त्याच्या मागे कोण उभं असतं, यावरून व्हावी. बातमी लागेपर्यंत मदत करायला पुष्कळ जण तयार असतात. लागल्यावर फोन उचलणारे थोडे.

आधी तो वार्ताहर कसा जगतो ते पाहू. इंदूर, धार, देवास, झाबुआ या पट्ट्यात बातमी आणणारा माणूस बहुधा पगारी नसतो. त्याला बातमीमागे काही मिळतं, कधी तेही मिळत नाही. मालक त्याला ओळखपत्र देतात, माइकवर लावायचा लोगो देतात आणि जाहिरातींचं टार्गेट देतात. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, दिवाळी आली की सरपंच, ठेकेदार, खासगी शाळा, नर्सिंग होम यांच्याकडून शुभेच्छांच्या जाहिराती गोळा करायच्या आणि त्यावरच्या कमिशनमधून घर चालवायचं. आता याच माणसाने त्याच ठेकेदाराच्या रस्त्याची जाडी मोजावी, अशी आपली अपेक्षा. तो मोजत नाही म्हणून त्याला विकाऊ म्हणणं सोपं आहे. मोजली तर दिवाळीचं कमिशन कोण देणार, याचं उत्तर आपल्यापैकी कुणाकडे आहे? शोधकामाला मिळणारी मदत आधी याच भोकाला ठिगळ लावते. प्रवास, कॅमेरा, प्रशिक्षण हे सगळं त्याच्या नंतरचं.

एक फाइल जवळून पाहू. २०२४ मध्ये इंदूर महापालिकेतलं बनावट बिलांचं प्रकरण गाजलं. ड्रेनेजची जी कामं झालीच नव्हती, त्यांची बिलं निघाली होती. प्रकरण पोलिसांत गेलं ते महापालिकेच्याच तक्रारीवरून. अशी गोष्ट बाहेरून शोधायची तर काय करावं लागतं? माहितीच्या अधिकारात ‘या कामात गैरव्यवहार झाला का’ असं विचारून काही हाती लागत नाही. कागदाचं नाव घेऊन मागावं लागतं: कार्यादेश, मेजरमेंट बुक, म्हणजे सगळे जिला एमबी म्हणतात त्या मोजमापांच्या वहीची प्रमाणित प्रत, ठेकेदाराचं बिल, काम पूर्ण झाल्याचा दाखला. मग एमबीतली लांबी घेऊन रस्त्यावर जायचं. लहान व्यासाच्या गटारवाहिनीत साफसफाईसाठी साधारण ३० मीटरला एक मॅनहोल धरतात. एमबी म्हणते ६०० मीटर लाइन टाकली, तर विसाच्या आसपास झाकणं दिसायला हवीत. सहाच दिसली तर प्रश्न तयार झाला. उत्तर अजून तयार नाही, कारण नंतरच्या डांबराखाली झाकणं गाडली गेलेली असू शकतात. उलट वीसच्या वीस दिसली तरी ती जुन्याच लाइनची असू शकतात. म्हणून तारखा लावायच्या. खोदाईची नोंद ऐन जुलैतली आहे का? शहराच्या तीन टोकांची मोजमापं एकाच इंजिनिअरने एकाच दिवशी घेतली आहेत का? वेगवेगळ्या ठेकेदारांच्या बिलांत शुद्धलेखनाची तीच चूक आहे का? ही शेवटची खूण फार कामाची असते. चोर आकडे बदलतो, टायपिस्ट बदलत नाही.

याला खर्च किती? मध्य प्रदेशात अर्जाला १० रुपये, पहिल्या अपिलाला ५०, दुसऱ्याला १००, प्रतींना पानामागे २. पाच कामांचे पाच अर्ज, हजार पानं आणि सगळी अपिलं धरली तरी २,८०० रुपयांत भागतं. महाग आहे तो वेळ. अर्जाला ३० दिवस, पहिल्या अपिलाच्या निकालाला ३० ते ४५, आणि दुसरं अपील भोपाळला माहिती आयोगात गेलं की कायद्याने मुदतच नाही. सहा महिन्यांची शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेला हे ठाऊक नसेल, तर शिष्यवृत्ती संपते तेव्हा वार्ताहराच्या हातात अर्धे कागद असतात आणि ठेकेदाराशी वैर मात्र पुरतं झालेलं असतं. त्यात २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं ‘वैयक्तिक माहिती’चं कलम बदललं; त्यात जनहिताचा जो अपवाद होता तो गेला. कलम ८(२) मधला उरला आहे, पण त्याच्या आधारावर टिकेल असं अपील लिहायला जाणकार वकील लागतो.

शिवाय नावाची अडचण आहेच. अर्ज नागरिकालाच करता येतो, संस्थेच्या नावाने नाही. म्हणजे कागदावर माणसाचं नाव आणि पत्ता आला. सकाळी अर्ज दिला आणि संध्याकाळी ठेकेदाराचा फोन आला, हे लहान गावात नवल नाही. जाणती संस्था इथे साधी गोष्ट करते. महूच्या रस्त्याचा अर्ज ग्वाल्हेरचा सभासद टाकतो, ग्वाल्हेरच्या इस्पितळाचा अर्ज उज्जैनचा. यात लपवाछपवी काही नाही, अर्ज पूर्ण कायदेशीर आहे. फक्त धमकीचा फोन ज्याला जातो, त्याचं घर त्या गल्लीत नसतं.

कागद मिळाले की मजकुराची छाननी. पक्की छाननी कंटाळवाणी असते: प्रत्येक वाक्याला क्रमांक, समासात कोणत्या कागदाच्या कोणत्या पानावरून ते आलं त्याची नोंद, आणि ज्या वाक्यापुढे नोंद नाही ते वाक्य बाद, मग ते कितीही झणझणीत असो. मोबाइलवर केलेली नोंद असेल तर मूळ फाइल हलवायची नाही. तिचा हॅश, म्हणजे फाइलमध्ये जराही बदल झाला तर बदलणारा तिचा गणिती ठसा, त्याच दिवशी काढून ठेवायचा, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात तो लागतो. व्हॉट्सॲपवरून फिरलेली क्लिप म्हणजे मूळ फाइल नव्हे. ती वाटेत दाबली जाते आणि तिचा हॅश जुळत नाही. ज्याच्यावर आरोप आहे त्याला छापण्याआधी लेखी प्रश्न, उत्तराला पुरेसे दिवस, पाठवल्याची पोच. इथे नेहमी एक पेच पडतो. प्रश्न पाठवले की समोरचा सावध होतो आणि एकतर्फी मनाई हुकूम आणायला धावतो. म्हणून वकिलाने आधीच कॅव्हेट दाखल केलेलं असावं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ प्रमाणे ते ९० दिवस चालतं आणि तेवढ्या काळात आपल्याला कळवल्याखेरीज हुकूम निघायला अडसर होतो. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्लूमबर्ग या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या प्रकरणात असा घाईचा मनाई हुकूम रद्द केला, तोंड बंद करण्यासाठी घातल्या जाणाऱ्या दाव्यांबद्दल बजावलंही. पण ब्लूमबर्गला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाता येतं. सोनकच्छचा वार्ताहर जिल्हा कोर्टाच्या पायरीवरच थकतो.

आता विरोधकांचं ऐकू. त्यांचा सर्वांत जड मुद्दा पैशाचा आहे आणि तो उडवून लावण्यासारखा मुळीच नाही. ओसीसीआरपी ही भ्रष्टाचाराचा माग काढणारी आंतरराष्ट्रीय संस्था. तिने अनेक देशांतल्या सत्ताधाऱ्यांना घाम फोडला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये फ्रान्सच्या मेदियापारने आणि आणखी काही माध्यमांनी छापलं, की तिच्या पैशाचा मोठा वाटा अमेरिकी सरकारकडून येतो आणि तिथल्या प्रमुख पदांवरच्या नेमणुकांत त्या सरकारच्या मदत-यंत्रणेला शब्द आहे. संस्थेचं म्हणणं होतं, बातम्यांत कुणी ढवळाढवळ करत नाही. ते खरं मानलं तरी पुढच्याच वर्षी काय झालं? २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि संस्थेला माणसं कमी करावी लागली. बातमी बदलायला कुणी फोन केला नसेल, पण नळाची तोटी दुसऱ्याच्या हातात होती. एवढं मान्य केलंच पाहिजे.

मात्र हाच मुद्दा भारतातल्या जिल्हा वार्ताहराला लावला जातो, तेव्हा तो पोकळ ठरतो. विदेशी अंशदान कायद्याच्या कलम ३ ने नोंदणीकृत वर्तमानपत्राचा वार्ताहर, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार, संपादक, मालक, मुद्रक, प्रकाशक या सगळ्यांना परदेशी देणगी घ्यायला आधीच मनाई केली आहे. दृकश्राव्य बातम्या करणाऱ्या संस्थांनाही. दार बंद आहे. तरी आपण दारावरच भांडत बसलो आहोत. खरा प्रश्न देशातल्या पैशाचा आहे, आणि तिथे धोका अधिक घरगुती आहे. एकच उद्योगपती संस्थेला नव्वद टक्के देत असेल, तर त्याच्या कारखान्याच्या सांडपाण्याची फाइल कोण उघडेल? कुणी नाही म्हणणार नाही. फक्त ती फाइल ‘पुढच्या बैठकीत’ जात राहील.

यावर उपाय इंदूरच्या मराठी माणसाला शिकवायची गरज नाही. तो वर्षानुवर्षं ‘सानंद’ या नाटकं आणणाऱ्या संस्थेची वर्गणी भरतो. सानंद न्यासाचे पाच दर्शक-समूह आहेत, त्यांतल्या एकाला राहुल बारपुत्यांचं नाव आहे, म्हणजे ज्यांनी ‘नई दुनिया’ घडवली त्या संपादकाचं. समूहातल्या एखाद्या सभासदाने उठून, मी पैसे भरले आहेत, तिसऱ्या अंकातला संवाद बदला, असं कधी म्हटलं आहे का? म्हणता येत नाही, कारण त्याच्यासारखे पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाचा वाटा थोडा आहे. देणगीदार शुद्ध असण्यापेक्षा पुष्कळ असणं महत्त्वाचं. कुणा एकाकडून वर्षाच्या खर्चाच्या दहा टक्क्यांहून जास्त घेणार नाही आणि देणाऱ्यांची नावं दर तीन महिन्यांनी लावणार, अशी दोन कलमं न्यासपत्रात घातली की विरोधकांचा अर्धा मुद्दा तिथेच संपतो. उरलेला अर्धा संपत नाही. वर्गणी देणारा मध्यमवर्गही आपल्या सोसायटीच्या बेकायदा मजल्याची बातमी आवडीने वाचेल असं नाही. पण त्याच्या हातात तोटी नसते.

पत्रकारितेतून सार्वजनिक हेतू साधत नाही, या दाव्याचं काय? हा प्रश्न आजचा नाही, आणि तो आपल्याच इतिहासात एकदा नीट सुटला होता. सरदार दयालसिंग मजिठियांनी १८८१ मध्ये लाहोरात ‘द ट्रिब्यून’ काढला आणि मृत्युपत्राने तो न्यासाकडे सोपवला. वर्तमानपत्र चालवणं हा धर्मादाय हेतू होतो का, हा करवाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे त्या काळच्या सर्वांत वरच्या न्यायालयापर्यंत गेला. १९३९ मध्ये निकाल आला: प्रांताला सुशिक्षित लोकमताचं मुखपत्र पुरवणं हे सर्वसामान्य लोकोपयोगाचं काम आहे. परकी राजवट, परकं न्यायालय, आणि त्याच राजवटीवर टीका करणारं वर्तमानपत्र; तरी करसवलत मिळाली. पुढे १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने ‘नफ्यासाठीचा व्यवहार नसावा’ अशी अट घातली, आणि १९७५ मध्ये कर्नाटकातल्या लोक शिक्षण ट्रस्टचा दावा त्याच अटीवर सर्वोच्च न्यायालयात फेटाळला गेला. अट १९८० च्या दशकात गेली, २००८ मध्ये दुसऱ्या रूपात परतली, आणि २०२२ मध्ये तर खुद्द ट्रिब्यूनच्या जाहिरातींचं उत्पन्न सर्वोच्च न्यायालयाने व्यवसायाचं मानलं. या सगळ्या निकालांत अडचण कुठे आली ते पाहा. बातमीच्या हेतूपाशी नाही, जाहिरातीच्या पैशापाशी. जी संस्था जाहिरात घेत नाही, अंक विकत नाही, आपला शोध कुणालाही फुकट छापू देते, तिला याच निकालांच्या आधाराने सवलत नाकारणं म्हणजे निकाल उलटे वाचणं आहे.

दुसरा आक्षेप आपल्या गल्लीतला, आणि मला पहिल्यापेक्षा खरा वाटतो. माहितीचा अर्ज टाकायचा, कागद आले की संबंधिताला चहाला बोलवायचं आणि बातमी न छापण्याचे पैसे घ्यायचे, हा धंदा मध्य प्रदेशातल्या कुठल्याही जिल्ह्यात माहीत आहे. गाडीवर ‘प्रेस’, खिशात तीन पोर्टलांची ओळखपत्रं. अशा माणसांना संस्थेची शाल मिळाली तर? मिळू शकते, आणि बाहेर मिळालेलीही आहे. पण हा रोग ओळखायचा कसा? चारित्र्याच्या दाखल्याने नाही, कामाच्या नोंदवहीने. खंडणीखोराला कागद आल्यापासून छापण्यापर्यंतचा काळ अंधारात लागतो. ज्या संस्थेत अर्जाची तारीख, कागद आल्याची तारीख, प्रश्न पाठवल्याची तारीख आणि बातमी सोडून दिली असेल तर त्याचं लेखी कारण, हे सगळं संपादकाकडे नोंदलं जातं, तिथे चहाला बोलवायला जागाच उरत नाही. सोडून दिलेल्या बातम्यांची वही ही अशा संस्थेतली सर्वांत महत्त्वाची वही आहे, आणि सर्वांत कमी ठिकाणी सापडते.

कागद तपासण्याची शिस्त नसली तर भल्याभल्यांचं काय होतं, हे मराठीला १८८२ पासून ठाऊक आहे. ‘केसरी’ जेमतेम वर्षाचा होता. कोल्हापूरच्या शिवाजी महाराजांचा छळ होतो आहे आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, असं टिळक-आगरकरांनी छापलं. ज्या पत्रांचा आधार होता ती बनावट निघाली. चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस गेले. हेतूबद्दल शंका नव्हती, धैर्याबद्दल नव्हती. पत्रं कुणी आणली, हस्ताक्षर कुणी ताडून पाहिलं, एवढंच राहिलं होतं. हे आपण त्यागाची कथा म्हणून वाचतो. ती छाननीच्या धड्यात घालण्यासारखी आहे.

त्याच प्रकरणातला दुसरा तपशील मात्र थोडक्यात उरकला जातो. टिळक-आगरकरांना दहा हजारांचा जामीन हवा होता. तो दिला रामशेठ उरवण्यांनी, म्हणजे जोतीराव फुल्यांच्या वर्तुळातल्या गृहस्थांनी. स्त्रीशिक्षण, जात, शेतकरी यांतल्या बहुतेक प्रश्नांवर फुले आणि टिळक पुढे एकमेकांसमोर उभे राहिलेले दिसतात. लेख पटला म्हणून जामीन दिला गेला नव्हता. लिहिणारा तुरुंगात जाऊ नये, आणि गेलाच तर एकटा जाऊ नये, एवढ्यासाठी दिला होता. पत्रकारांच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या संघटनेची याहून नेमकी व्याख्या मला सुचत नाही. १९२० मध्ये बाबासाहेबांच्या ‘मूकनायक’ला शाहू महाराजांनी दिलेले २,५०० रुपये हीसुद्धा मदतच, पण पत्र काढायला पैसे देणं आणि पत्र काढणाऱ्याला जामीन राहणं, या दोन निराळ्या हिमती आहेत. आजच्या बहुतेक संस्था पहिलीवरच थांबतात.

‘एकटा’ या शब्दाचं वजन आपल्या मध्य प्रदेशाला तरी कळायला हवं. राजकुमार केसवानींनी भोपाळच्या ‘रपट’ या छोट्या साप्ताहिकात सप्टेंबर १९८२ मध्ये युनियन कार्बाइडबद्दल लिहिलं: बचाइए हुज़ूर, इस शहर को बचाइए. ऑक्टोबरात पुन्हा दोनदा लिहिलं. जून १९८४ मध्ये ‘जनसत्ता’त आणखी एकदा. कारखान्यात १९८१ च्या डिसेंबरात कामगाराचा फॉस्जीनने बळी गेला होता, कंपनीच्याच अमेरिकी पथकाने १९८२ मध्ये धोके नोंदवले होते. माहिती होती, छापलीही होती. मग उणं कुठे पडलं? पुढे भोपाळात गळला तो मिथाइल आयसोसायनेट वायू तीच कंपनी अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या इन्स्टिट्यूट या गावीही तयार करत होती. तिथल्या एखाद्या वर्तमानपत्रात त्याच आठवड्यात तीच बातमी इंग्रजीत आली असती, तर कंपनीच्या मुख्यालयाला उत्तर द्यावं लागलं असतं. दुर्घटना टळलीच असती, असं कुणी म्हणू नये. पण एका साप्ताहिकाकडे दुर्लक्ष करणं जितकं सोपं गेलं, तितकं दोन देशांतल्या दोन वर्तमानपत्रांकडे गेलं नसतं. पनामा पेपर्सच्या, म्हणजे परदेशी कंपन्यांत दडवलेल्या पैशाचे कागद फुटले त्या वेळी २०१६ मध्ये सुमारे ८० देशांतल्या ३७० हून अधिक पत्रकारांनी एकाच दिवशी छापलं, त्याचं मर्म एक कोटी पंधरा लाख कागदांत नव्हतं. ‘एकाच दिवशी’ यात होतं.

आणि बातमीदारच मारला गेला तर? अमेरिकेत इन्व्हेस्टिगेटिव्ह रिपोर्टर्स अँड एडिटर्स ही संघटना १९७५ मध्ये निघाली. पुढच्याच वर्षी २ जूनला तिचा सभासद डॉन बोल्स याच्या मोटारीखाली फीनिक्समध्ये बॉम्ब फुटला. अकरा दिवसांनी तो गेला. संघटनेने शोकसभेवर न थांबता २८ वर्तमानपत्रं-वाहिन्यांतले ३८ जण ॲरिझोनात पाठवले आणि १९७७ मध्ये २३ भागांची मालिका काढली. तिचा हेतू खुनी पकडण्याचा नव्हताच. एकाला मारून बातमी मरत नाही, उलट अडतीस जण येतात, हा निरोप द्यायचा होता. याही उदाहरणाला गालबोट आहे. न्यूयॉर्क टाइम्स आणि वॉशिंग्टन पोस्ट लांब राहिले, बोल्सच्या स्वतःच्या ॲरिझोना रिपब्लिकने मालिका छापली नाही, आणि बदनामीचे दावे नंतर वर्षानुवर्षं निस्तरावे लागले. तरी हा धागा तुटला नाही. माल्टात पत्रकार डाफ्नी कारुआना गालिझिया ऑक्टोबर २०१७ मध्ये अशाच मोटारबॉम्बने मारली गेली, तेव्हा सहा महिन्यांत १८ माध्यमांतल्या ४५ पत्रकारांनी तिचे अर्धवट शोध पुढे नेले.

आपल्याच राज्यातल्या भिंडमध्ये काय झालं? वाळूच्या अवैध उपशावर आणि पोलिसांच्या त्यातल्या वाट्यावर स्टिंग करणारा पत्रकार संदीप शर्मा २६ मार्च २०१८ रोजी ट्रकखाली चिरडला गेला. जिवाला धोका असल्याचं त्याने आधी लेखी कळवलं होतं. निवेदनं निघाली, मेणबत्त्या लागल्या. वाळूच्या त्याच घाटावर दुसऱ्या आठवड्यात पाच शहरांतले पाच पत्रकार एकत्र गेल्याचं मात्र दिसलं नाही.

संघटना कुणाचा जीव वाचवू शकते, असा दावा मी करणार नाही. ट्रकला ती आडवी येऊ शकत नाही. तिच्या मर्यादा आणखीही आहेत, आणि त्यांतल्या काही तिने स्वतःच ओढवून घेतलेल्या. दिल्लीतल्या हॉटेलात त्याच वीस जणांना वर्षातून तीनदा ‘डेटा’ शिकवणं. जिल्ह्याच्या माणसाने आणलेल्या कागदांवर महानगरातल्या माणसाचं नाव पहिलं आणि त्याचं शेवटच्या ओळीत ‘सहकार्य’ म्हणून. देणगीदाराला मार्चअखेर ‘परिणाम’ दाखवायचा म्हणून कच्ची बातमी रेटणं. यातलं शेवटचं सर्वांत महाग पडतं. कच्च्या बातमीची नोटीस येते तेव्हा देणगीदाराचं आर्थिक वर्ष संपलेलं असतं.

‘नई दुनिया’ची गोष्ट काढून कुणी म्हणेल, हे सगळं काम वर्तमानपत्राचंच ना? होतंच. १९४७ मध्ये सुरू झालेल्या त्या वर्तमानपत्राचं संदर्भ ग्रंथालय, संपादकीय शिस्त, राजेंद्र माथुर-प्रभाष जोशींसारखी तयार झालेली माणसं: संस्था म्हणून जे हवं ते एका छपराखाली होतं. २०१२ मध्ये ते जागरण समूहाकडे गेलं. मालक बदलले म्हणून पत्र वाईट होतं असं नाही, पण तालुक्याच्या वार्ताहराच्या वकिलाचं बिल आपण द्यायचं, ही समजूत या पूर्ण व्यवसायातूनच गेली आहे. ती परत येईल म्हणून थांबायचं किती?

बदनामीचा गुन्हा जामीनपात्र आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली दोन वर्षांपर्यंतचा. त्यात वार्ताहर खेटे घालून थकतो, तुरुंगात सहसा जात नाही. तुरुंगात पाठवायचं असलं की खंडणीचं कलम लावतात. त्याच संहितेचं ३०८(२) अजामीनपात्र आहे. तालुक्याच्या कोर्टात जामीन मंजूर झाला तरी बाहेर यायला जामीनदार लागतो, आणि मध्य प्रदेशात तो शेतीची ऋण-पुस्तिका, म्हणजे जमिनीच्या हक्काची आणि कर्जाची नोंद असलेली पुस्तिका, घेऊन उभा राहतो. रकमेची नोंद तिच्यावर चढते. दिल्लीच्या न्यासात कोटीभर रुपये असले तरी ती पुस्तिका तिथून कुरिअरने येत नाही. ती सांवेरच्या, देपालपूरच्या, महूच्या कुणाच्या तरी कपाटात असते. संस्थेच्या सभासदांच्या यादीत वकिलाचा नंबर असतो, देणगीदाराचा असतो, सायबर जाणकाराचा असतो. प्रत्येक तहसिलीत पुस्तिका घेऊन तासाभरात कोर्टात पोहोचतील अशा दोन माणसांची नावं त्यात आहेत का, हे वर्गणी भरण्याआधी विचारून घ्यावं.